बिबड्यांवरचा दगड

मे महिन्यात दीपनगरला दुपारी गच्चीवर जायचं तर पायात चप्पल हवीच. भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की आमच्याकडे कोणी बातमी म्हणूनसुद्धा सांगत नाही. याच उन्हाच्या जिवावर वर्षाचे बिबडे, पापड, कुरडया होतात. आमच्या घरी पहाटे चारला ज्वारीचं पीठ शिजायला लागायचं आणि दिवस उजाडेपर्यंत गच्चीवरच्या कापडावर बिबड्यांच्या रांगा लागायच्या. वारा सुटला की कापड उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड. तीन साधे, आपल्या खानदेशातले काळे गोटे. चौथा वेगळा. चपटा, करडा, हाताला गुळगुळीत, काळ्या गोट्यापेक्षा हलका, आणि एका अंगाला लांबट पानाचा ठसा असलेला.

ते पान ज्या झाडावरून गळलं ते झाड बर्फ सरकून गेलेल्या मुलखात उभं होतं. अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण ध्रुवाकडच्या पट्ट्यात. हे मला कळलं तेव्हा त्या दगडाने आमच्या गच्चीवर चौदा उन्हाळे काढले होते.

तो दगड मी ड्यूटीवरून आणला होता. १९८१ साली मी दीपनगरच्या वीज केंद्रात कोल हँडलिंगला हेल्पर म्हणून लागलो. पहिला साडेबासष्ट मेगावॅटचा संच १९६८ पासून चालत होता, २१० मेगावॅटचा एक १९७९ ला आला होता आणि तेवढ्याच ताकदीचा दुसरा १९८२ ला आला. फेकरी गावाजवळ, हमरस्त्याच्या कडेला चिमण्या आणि कूलिंग टॉवर, आणि त्यांच्या आडोशाला आमची कॉलनी. कोळसा यायचा मुख्यतः विदर्भातून, रेल्वेने. लोक समजतात वीज बॉयलरवर होते, टर्बाइनवर होते. आम्ही कोल हँडलिंगवाले म्हणायचो, वीज आमच्या फावड्यावर होते. वॅगन टिपलरवर चढायची, टिपलर तिला आडवी करून रिकामी करायचा, कोळसा जाळीवर पडायचा, तिथून क्रशर, क्रशरमधून पट्ट्यावर, पट्ट्यावरून बंकरला. २१० चा एक संच पूर्ण भारावर चालला की दिवसाला जवळपास एक अख्खी रेक खायचा. म्हणजे साडेतीन हजार टनांच्या आसपास कोळसा.

आणि त्यात गोटे. कोळशाच्या थराबरोबर त्याच्या वरचा-खालचा दगडही थोडाफार निघतोच, तो आमच्याकडे कोळशाच्याच भाड्याने यायचा. मोठा असेल तर जाळीवर घणाने फोडायचा, पट्ट्यावर दिसला तर हाताने उचलून बाजूला टाकायचा. आमची पहिली दोन वर्षं याच कामात गेली. पावसाळ्यात तर हाल विचारू नका. कोळशाचा चिखल होऊन चूट जाम व्हायची, आणि आम्ही सळ्या घेऊन ती मोकळी करायचो. १९८६ च्या अशाच एका पावसाळी रात्रपाळीत पट्टा थांबलेला असताना हा दगड माझ्या हाती आला. बॅटरीच्या उजेडात पान दिसलं. इतकं स्पष्ट, की मला वाटलं ओलं पान चिकटलंय. नखाने काढायला गेलो तर निघेना. तसाच डब्याच्या पिशवीत टाकला.

घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "कोळशाच्या गावाहून येता आणि दगड आणता?" अप्पा ओट्यावर बसले होते. माझे वडील भुसावळच्या लोको शेडला फायरमन होते, सगळा जन्म वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्यात गेला. त्यांनी दगड हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि त्यांच्या नेहमीच्या बोलीत निकाल दिला. "कोयसा नाही रे भो, गोटे आहेत गोटे. आमी जन्मभर हेच जायलं. अर्धी आग आनि अर्धी राख."

अप्पांची राखेवर फार चीड होती. ठरावीक अंतर गेलं की आग साफ करावी लागायची, क्लिंकर फोडून काढायचं, राख पाडायची. शेडमधले त्यांच्याहून म्हातारे ड्रायव्हर त्यांना विलायती कोळशाच्या गोष्टी सांगत. पूर्वी म्हणे बोटीने कोळसा यायचा, लखलखीत, राख मुठीत मावेल एवढी. गोष्टीला थोडा मीठमसाला असेल, पण मुळात ती खोटी नव्हती. रेल्वे भुसावळवरून पुढे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, तेव्हा या भागात कोळशाची खाण नव्हती. चांदा जिल्ह्यात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली ती १८७१ च्या सुमारास, आणि मग तिथला कोळसा या मार्गावरच्या इंजिनांना मिळू लागला. खाणीतल्या आगींनी तिला छळलं आणि १९०६ मध्ये ती बंद पडली. मग बल्लारपूर पुढे आलं. अप्पांच्या फावड्यावर आलेला आणि माझ्या पट्ट्यावर आलेला, दोन्ही कोळसे वर्धा नदीच्या त्याच खोऱ्याकडचे.

दगडाचं नाव कळलं ते २००० साली. माझी मुलगी बारावीला होती, तिचे भूगोलाचे सर काही कामाने घरी आले. उन्हाळा होता, गच्चीवर गार वाटेल म्हणून संध्याकाळी तिथेच चटई टाकली. सरांनी कापडावरचा दगड पाहिला आणि हातातला कप खाली ठेवला.

"काका, हे कुठलं?"

"पट्ट्यावरचं. कोळशातलं."

"याचं नाव ग्लॉसॉप्टेरिस. हे फक्त दक्षिणेच्या जुन्या खंडाचं झाड. जगात हे पान जिथे जिथे सापडतं, त्या जमिनी एके काळी एकमेकींना चिकटलेल्या होत्या."

चहा गार झाला. सरांनी पानाच्या मधली शीर दाखवली, तिच्या दोन्ही बाजूंनी निघून एकमेकींत गुंतणाऱ्या बारीक शिरांची जाळी दाखवली. ग्लॉसॉप्टेरिस म्हणजे जिभेसारखा नेचा. अडोल्फ ब्रोंन्यार नावाच्या फ्रेंच माणसाने १८२८ मध्ये हे नाव दिलं, तेही भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन्हीकडून आलेले ठसे पाहून. एकाच पानाचे ठसे एवढ्या लांबच्या दोन देशांत कसे, हा प्रश्न तेव्हापासूनच पडून होता.

मला दुसराच प्रश्न पडला. कोळसा म्हणजे गरम, दमट रान, चिखल, मोठमोठे नेचे, हे मी शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं चित्र. सर म्हणाले, ते चित्र युरोपचं आहे. इंग्लंडचा जुना कोळसा तयार झाला तेव्हा ती जमीन विषुववृत्ताजवळ होती. आज तिथे थंडी आहे, पण कोळसा उष्ण रानाचा. आपलं उलटं. आज भुसावळला पंचेचाळीस अंश, आणि आपण जाळतो तो कोळसा थंडीतला. मी त्या गच्चीवर घाम पुसत बसलो होतो, आणि मला हसूच आलं.

पुढे नोकरीतून उरलेल्या वेळात मी हेच वाचत राहिलो. २०१५ ला निवृत्त झाल्यावर वणीला बहिणीकडे गेलो तेव्हा भाच्याच्या ओळखीने एका खुल्या खाणीच्या काठावर उभं राहायला मिळालं. चौतीस वर्षं मी कोळसा वॅगनमधून उलटा होताना पाहिला होता. जमिनीत निजलेला कधी पाहिला नव्हता. वर काळी माती. तिच्याखाली पिवळट-तांबूस वालुकाश्म. त्याच्या खाली करडा-पांढरा वालुकाश्म आणि शेल, मधे मधे पट्टे. आणि अगदी तळाशी, जिथे डंपर खेळण्यातले वाटत होते, तिथे काळा थर. वर्धेच्या खोऱ्यात तो काही ठिकाणी पंधरा मीटरांहूनही जाड आहे.

या थरांना नावं आहेत. वरच्या तांबूस थराला कामठी म्हणतात, नागपूरजवळच्या आपल्या कामठीवरून. कोळसा असलेल्या थराला बराकर, बंगाल-झारखंडच्या सीमेवरच्या नदीवरून. आणि सगळ्यांत खाली, कोळशाच्याही तळाशी, तालचेर, ओडिशातल्या गावावरून. या तालचेरमध्येच थंडीचा पुरावा आहे. १८५६ च्या सुमारास ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड हे भूवैज्ञानिक तालचेरला गेले तेव्हा त्यांना बारीक गाळात रुतलेले मोठमोठे धोंडे दिसले. नदीचं पाणी धोंडे वाहून नेतं तेव्हा बारीक गाळ तिथे थांबत नाही. आणि गाळ बसतो अशा संथ पाण्यात धोंडे येत नाहीत. दोन्ही एकत्र आणून टाकणारा हमाल एकच, बर्फ. उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात बर्फाचे धोंडे, हे ऐकून त्या काळी अनेकांनी मान हलवली असणार.

पण खरा पुरावा आपल्या महाराष्ट्रात होता. चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या बाजूला इरई गावी, भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांना तालचेरच्या धोंड्यांखालचा जुना चुनखडक उघडा पडलेला दिसला. तो घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाच दिशेने ओरखडे होते. सरकत्या बर्फाच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर असेच ओरखडे काढतात, खडबडीत पाट्यावर वरवंटा ओढावा तसे. फेडन यांनी हे १८७५ मध्ये छापलं. त्या काळात याच भागात ह्यूज नावाचे अधिकारी वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची पाहणी करत होते. त्यांचा ग्रंथ १८७७ चा. एकाने बर्फ शोधला, दुसऱ्याने कोळसा मोजला, आणि दोन्ही एकाच थप्पीतले शेजारी निघाले.

म्हणजे क्रम असा. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी या जमिनीवर हिमनद्या होत्या. त्या मागे हटल्या, धोंडे आणि गाळ टाकून गेल्या. मागे राहिलेल्या सखल भागात नद्या पसरल्या, दलदली झाल्या, आणि थंडी सोसणारी ग्लॉसॉप्टेरिसची राने उगवली. अंटार्क्टिकात सापडलेल्या त्यांच्या खोडांत वर्षावर्षाची वलयं स्पष्ट आहेत, आणि पानांचे गठ्ठेच्या गठ्ठे सापडतात. ध्रुवाजवळ उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही आणि हिवाळ्यात उगवत नाही. ही झाडं काळोख सुरू व्हायच्या आधी पानं गाळून मोकळी व्हायची. माझ्या दगडावरचं पानही बहुधा असंच एखाद्या लांबलेल्या संध्याकाळी गळलेलं.

या सगळ्या थप्पीला १८७२ मध्ये भूवैज्ञानिक मेडलिकॉट यांनी नाव दिलं गोंडवन. चांद्याच्या गोंड राजांचा परकोट आजही उभा आहे, तो मुलूख. पुढे १८८५ मध्ये ऑस्ट्रियाचे भूवैज्ञानिक स्यूस यांनी दक्षिणेच्या एका जुन्या खंडालाच गोंडवनलँड म्हटलं. आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, सगळ्यांना मिळून आपल्या विदर्भ-मध्यप्रांताकडचं हेच नाव. ही गोष्ट मला खानदेशातल्या कोणत्याही शाळेत कोणी सांगितली नव्हती.

आता अंटार्क्टिकाकडे वळतो, कारण माझ्या दगडाचे भाऊबंद तिथे आहेत. १९०८ च्या डिसेंबरात शॅकल्टनच्या तुकडीतल्या फ्रँक वाइल्ड यांना बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याकडे कोळशाचे थर दिसले. बर्फाच्या देशात कोळसा! तीन वर्षांनी स्कॉट ध्रुवावरून परतताना त्याच वाटेवर, माउंट बकलीपाशी थांबले. १९१२ चा फेब्रुवारी. माणसं थकलेली, अन्न संपत आलेलं, तरी त्यांचे सोबती विल्सन यांनी दगड गोळा केले. स्लेज हाताने ओढायची होती, आणि तिच्यावर त्यांनी सुमारे सोळा किलो दगड चढवले. मार्च संपेपर्यंत सगळे गेले. नोव्हेंबरात तंबू सापडला तेव्हा दगड जागेवर होते. १९१४ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक सीवर्ड यांनी ते तपासले. त्यांत ग्लॉसॉप्टेरिस होतं. मी जो गोटा पट्ट्याबाहेर फेकायला पगार घेत होतो, तसा गोटा त्या माणसांनी मरेपर्यंत टाकला नाही. हे वाचलं त्या दिवसापासून आमच्या घरातला चौथा दगड गच्चीवरून खाली आला आणि देवघराशेजारच्या फळीवर बसला.

सौभाग्यवतींना ते पटलं नाही. "मग कापडावर काय ठेवू?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी बाजारातून वजनाचं जुनं माप आणून दिलं.

आणखी एक गोष्ट मला नकाशाने सांगितली. भारताचं 'भारती' हे अंटार्क्टिकातलं संशोधन केंद्र २०१२ मध्ये सुरू झालं, मालवाहू कंटेनर जोडून बांधलेलं. त्याच वर्षी आमच्याकडे पाचशे मेगावॅटचा पहिला संच वीज द्यायला लागला. भारतीचा रेखांश आहे ७६ अंश ११ मिनिटं पूर्व. दीपनगरचा सुमारे ७५ अंश ५० मिनिटं. नातवाने पृथ्वीचा गोल आणला होता, त्यावर मी दोरा धरून पाहिला. दीपनगरहून सरळ दक्षिणेला निघालं तर महाराष्ट्र संपतो, कर्नाटक संपतं, कोळिकोडपाशी जमीन संपते. तिथून पुढे नुसतं पाणी, आणि मग थेट अंटार्क्टिका. सगळं मिळून दहा हजार किलोमीटर, आणि तो दोरा भारतीच्या जवळपास जाऊन टेकतो. तिथून पश्चिमेला, लँबर्ट हिमनदीच्या पलीकडे बीव्हर तळ्याच्या परिसरात कोळशाचे थर आहेत, त्यांतही ग्लॉसॉप्टेरिस आहे. तिथल्या खोल खचदरीचा सांधा भूवैज्ञानिक आपल्या महानदीच्या खोऱ्याशी जोडतात. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत तिथून सुटला आणि उत्तरेला निघाला. वाटेत सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर लाव्हा पसरला. आपल्या खानदेशचा काळा पत्थर आणि काळी माती, गच्चीवरचे बाकीचे तीन गोटे, ही त्याचीच देणगी.

माझी आई दक्षिणेला पाय करून झोपू द्यायची नाही. ती पितरांची दिशा, म्हणायची. कोळशापुरतं तरी तिचं खरं निघालं.

तिथला कोळसा कोणी काढत नाही. १९९१ च्या माद्रिद कराराने अंटार्क्टिकात खनिजासाठी खोदायला मनाई आहे. अभ्यासाला तेवढी सूट. आपण तो करार मानतो. तेव्हा एकाच रानाच्या दोन वाटण्या झाल्या: एक बर्फाखाली निजलेली, एक आमच्या पट्ट्यावर आलेली. मी त्यावर एकदा हिशेब मांडला. दलदलीत पालापाचोळा साचतो तो वर्षाला एखादा मिलिमीटर. दबून दबून त्याचा कोळसा होईपर्यंत जाडी कितीतरी पटींनी कमी होते. पंधरा मीटरांचा थर म्हणजे ढोबळमानाने लाखभर वर्षांची पानगळ. आणि चार हजार टनांची रेक भरायला त्या थराचा केवढा तुकडा लागतो? पावणेदोनशे चौरस मीटरच्या आत. कॉलनीतल्या दोन-तीन क्वार्टरांखालची जागा. एवढ्या जागेवरची लाखभर वर्षांची पानगळ २१० चा संच जवळपास एका दिवसात संपवायचा. मला त्याचं वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही. त्या विजेवर खानदेशातल्या विहिरींवरच्या मोटारी चालल्या, केळीला पाणी गेलं, माझ्या मुलांची शिक्षणं झाली. पण हिशेब माहीत असावा.

आणि शेवटी अप्पांच्या राखेचा हिशेब. आपल्या गोंडवनी कोळशात शंभरात पस्तीस-चाळीस भाग राख निघणं नवलाचं नाही. अप्पा म्हणायचे हा कोळसाच खोटा. खरी गोष्ट अशी की ज्या दलदलीत पानं पडत होती, तिच्यात नद्यांचे पूर वारंवार घुसत होते आणि बारीक माती आणून टाकत होते. पान पडलं, त्यावर गाळ बसला, पुन्हा पान, पुन्हा गाळ. ते इतके एकजीव झाले की वेचून वेगळे करता येत नाहीत. बॉयलरमध्ये पान जळतं, माती जळत नाही. राख म्हणजे ती माती. सिलिका आणि ॲल्युमिना, लॅबमधले आमचे केमिस्ट रोज हेच लिहीत होते. कुठली माती, ते मात्र कोणी विचारलं नव्हतं.

दीपनगरची राख पाण्यात कालवून पाइपातून वेल्हाळ्याच्या बंडात सोडतात. निवृत्तीनंतर एकदा मी तिथे काठावर उभा राहिलो. पाइपाच्या तोंडाशी जाड दाणे बसतात, पाणी पुढे पसरतं, वेग कमी होतो आणि बारीक राख लांब जाऊन सावकाश तळाशी बसते. एका बाजूला वीटभट्टीसाठी राख उचलून नेली होती, तिथे उभा काप पडला होता. त्या कापात बोटाएवढे, कणसाच्या दाण्याएवढे थर दिसत होते, फिकट, गडद, पुन्हा फिकट. वणीच्या खाणीत शेलचे पट्टे पाहिले होते, तसेच.

बर्फ गेल्यावर पसरलेल्या नदीने जी माती एकदा पाण्यातून खाली बसवली होती, तीच इथे तापीच्या पाण्यातून दुसऱ्यांदा खाली बसत होती. मधे फक्त पानं जळून गेली होती.

मी खाली वाकून कापातला एक पापुद्रा काढला. चिमटीत धरताच तो भुसभुशीत झाला. ठसा बघायची सवय लागलेली, म्हणून उलटून पाहिला. त्यावर काही नव्हतं.